फोटोतला बांध

आमच्या पक्षाच्या कचेरीत एक इसम होता. खिशात कायम फणी. पुढारी गाडीतून उतरला की हा आधी त्याची टोपी सारखी करायचा, मग आमच्याकडे बघायचा. पुढाऱ्याशी पुस्तकी बोलायचा, आमच्याशी मालवणी.

आमचा खारबांध फुटला, खाडीचं पाणी भातशेतात शिरलं, तेव्हा साहेब श्रमदानाला आले. मी त्या इसमाला विचारलं, "बांध पुरो कधी होतलो?"

"पयलो फोटो होवंदे, काका."

साहेबांची मान दुखू नये म्हणून त्याने पाटीत खाली नारळाची सोडणं, म्हणजे वरची हलकी सालं, भरली आणि वर मातीचा थर दिला. साहेबांनी ती भगदाडात ओतली, फोटो निघाला, गाड्या गेल्या. भरतीबरोबर सोडणं तरंगत माझ्या शेतात आली. बांध तसाच राहिला.

निवडणुकीला तोच फोटो कागदावर छापून हा माझ्या दारात. "बघा काका, साहेबांनी बांधलेलो बांध. दारार लावतंय. चिकटवूक चार शितां देवा."

घरात भाताचं शीत नव्हतं. ते त्याला सांगणं माझ्या जिवावर आलं. मी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. त्याने शेजारणीकडून शितं मागून आणली आणि साहेबांचा बांध माझ्या दारावर चिकटवला.