छातीएवढं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मुलुंडचा सिव्हिल इंजिनियर, उंची मोजायला लेव्हल लावायची, आकडा लिहायचा, विषय संपला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय...

गोराईच्या खाडीलगत वीजप्रकल्प होणार होता. भराव घालून जमीन उंच केली की पावसाचं पाणी शेजारच्या कोळीवाड्यात शिरणार. ते वळवायला नाला किती रुंद हवा, हे आम्ही ठरवायचं. अशा कामात आधी गावातल्या जुन्या माणसांना विचारतात, पाणी जास्तीत जास्त कुठवर चढलं होतं? सुकी मासळी विकणाऱ्या हिरामावशीने घराच्या भिंतीवर तळवा टेकवला. "पानी यवरं आयलेलं." माझ्या छातीएवढं! मी तिथे लाल रेघ मारली.

"मावशी, रिपोर्टमध्ये हाच आकडा जाणार."

रिपोर्ट सरांनी लिहिला. बारा वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर. मी न वाचता सही केली. सरांचं लिहिलेलं कोण तपासतं?

प्रकल्पाची जनसुनावणी एप्रिलमधल्या भर दुपारी होती. सर माईकसमोर म्हणाले, "इथे पाणी जास्तीत जास्त गुडघाभर येतं." मी घाईघाईने रिपोर्ट उघडला. गुडघाभरच... आणि खाली माझी सही. डोकंच सणकलं. ज्या माणसाने मला लेव्हल धरायला शिकवलं, त्यानेच माझा गळा कापला होता.

मान वर केली तर सर भिजलेले. घाम नव्हे हो — पायापासून छातीपर्यंत चिंब, तिथे सरळ आडवी रेघ, आणि वर शर्ट खडखडीत कोरडा. बुटांना खाडीचा काळा चिखल. खालची फरशी मात्र कोरडी! सर बोलतच होते.

शेजारी बसलेली मावशी हळूच म्हणाली, "बग, यवरंच ना?"

मी उठलो. "सर, पाणी छातीएवढं आलं होतं. सही माझी आहे, हा आकडा माझा नाही."

सर जवळ येऊन पुटपुटले, "बस ना यार खाली! तेवढा रुंद नाला धरला तर जागाच उरत नाही, प्रकल्पच होत नाही." मग त्यांचं लक्ष स्वतःच्या शर्टाकडे गेलं आणि ते तळव्याने छातीवरची ओली रेघ चाचपू लागले.

माझं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. पुढे काय होईल, माहीत नाही. बाहेर मावशीने विचारलं, "सही करताना वाचलं नाय का रं?"

सर कशाने भिजले, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मावशीच्या प्रश्नाचं होतं, तरी मी तिला ते देऊ शकलो नाही.