ओवीचे पुढचे चार दात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सुनेला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं — निदान लिहायला बसेपर्यंत तसं वाटत होतं.

मी न्हावऱ्यात राहतो. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही, हे गावाला पटवण्यात हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी तीन शाली मिळाल्या आणि एक भाषण — त्यातला माणूस बहुधा दुसराच कुणीतरी होता.

सून स्नेहल रांजणगावला एका कंपनीत होती. नात ओवी नऊ महिन्यांची झाली आणि ती पुन्हा पहिल्या पाळीला जायला लागली. अंगावरचं दूध सुटलं. मुलगा दौंडला नोकरीला, बायको दुपारभर गोठ्यात. मीच म्हणालो होतो, नोकरी सोडू नकोस, मी सांभाळतो. गावात कौतुक झालं. महिला दिनाला ग्रामपंचायतीनं चौथी शाल दिली. असल्या शालींना मी आयुष्यभर हसलो. ही मात्र नीट घडी घालून ठेवली.

पण तेवढंसं मूल दुपारी किती रडतं, माहीत आहे? मला नव्हतं. माझा मुलगा रडायचा तेव्हा मी शाळेत असायचो. फडताळात दौंडकडच्या गुऱ्हाळातून आणलेली काकवीची बरणी होती. ओवीची रबरी चोखणी तिच्यात बुडवली आणि तोंडात दिली. ती गप्प झाली. झोपलीसुद्धा. मी पुस्तक उघडलं.

एवढंच. रोज. एकेका दुपारी दोन-तीनदा — सव्वा वर्ष. स्नेहलची सूचना एकच होती, "आबा, तिला गोड काही देऊ नका हं." मी बरं म्हणायचो. ती यायच्या आत चोखणी धुऊन ठेवायचो. धुऊन — म्हणजे मला कळत होतं, नाही का?

वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसायला लागली. ती पिवळी झाली, मग तपकिरी. एक दिवस बिस्किट खाताना दाताचा कोपराच निघाला.

ओवीला घेऊन आम्ही शिरूरला गेलो. दातांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. म्हणाल्या, इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, विरघळत चाललंय. काही मुलांचं मुळातच कच्चं असतं, काहींचं गोडानं जातं. "चोखणीला मध, साखर असं काही लावता का?" स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही — उत्तर मला माहीत असणार म्हणून.

"नाही," मी म्हणालो. बाईंनी तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "दूध लवकर तोडलं, म्हंजी दात कच्चंच येणार की. आमी दोन-दोन वर्सं पाजायचो." शेजारच्या इंदूबाई चहाला आल्या होत्या. त्या बशीत फुंकर मारत म्हणाल्या, "कंपनीला येळ हाय, लेकराला न्हाई." स्नेहल ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी पेपर वाचत होतो. दुधाचा यात काही दोष नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं — स्वतःचं काहीही कबूल न करता. पण मग कुणीतरी विचारलं असतं, मग कशानं? मी पान उलटलं.

तीन आठवड्यांनी स्नेहलनं नोकरी सोडली.

आणि — हे लिहायचं मी केव्हापासून टाळतोय — त्या तीन आठवड्यांत काकवी चालूच होती. एकदम बंद केली असती तर ओवीनं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आजवर ही गप्प कशी राहायची, असा प्रश्न निघाला असता. काय होतंय ते कळूनसुद्धा मी रोज दुपारी बरणी उघडत होतो.

पुढे भूल देऊन दोन दात काढावे लागले. उरलेले दोन खुंटासारखे राहिले. बाहेर बाकावर बसून मी घाबरलो होतो. सगळ्यांना वाटलं, नातीसाठी. पण ओवी तेव्हा नुकती बोलायला लागली होती, आणि मला भीती होती ती काय बोलेल याची.

ती काही बोलली नाही. आता चार वर्षांची आहे. हसताना तोंडावर हात नेते.

"माझ्यामुळंच झालं ना, आबा?" असं स्नेहलनं मला एकदाच विचारलं. मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

आता रोज सकाळी ती ओवीला ओसरीवर बसवते, तोंड उघडायला लावते आणि एकेक दाढ बघते, कुठं पांढरी रेघ उमटली का. मला म्हणते, "आबा, जरा बॅटरी धरा."

मी धरतो. हात हलू देत नाही.