साडूंचं बुद्धिमान यंत्र

देशाचं औद्योगिक धोरण दिल्लीत ठरतं, हा एक गैरसमज आहे. नव्वदच्या दशकात ते पिंपरी पेंढारला, माझ्या साडूंच्या वर्कशॉपमध्ये ठरत असे. दिल्लीला फक्त पोस्टकार्डाने कळवलं जाई. उत्तर कधीच आलं नाही, म्हणजे तिकडची हरकत नाही, असं साडू धरून चालत.

पोटासाठी ते पाण्याचे पंप दुरुस्त करत. उरलेला वेळ राष्ट्राचा. कुठेही नेलं तरी त्यांना कारखानाच दिसे. भीमाशंकरच्या रांगेत सगळे हात जोडून उभे असताना हे घड्याळ लावून एकेकाचं दर्शन मोजत होते. "साडूभाऊ, सगळा माल गाभाऱ्याच्या दारात अडतोय बघा," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. लेण्याद्रीला त्यांनी गणपतीच्या आधी कातळाला नमस्कार केला. कारागीर वरून खाली कोरत आले, त्यामुळे परांचीचं लाकूड वाचलं, म्हणून.

पुढे त्यांनी टोमॅटो निवडून क्रेट भरणारं 'बुद्धिमान यंत्र' करायला घेतलं. "यंत्र जाणत्याकडनं शिकलं पायजे," हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी एक अख्खा हंगाम ते वही घेऊन लोकांच्या बांधावर बसले, मुरलेले शेतकरी क्रेट कसे भरतात ते टिपलं आणि तसंच यंत्राला शिकवलं. यात सहा वर्षं गेली. अखेर पुण्याहून सरकारी साहेब पाहायला येणार असं ठरलं. यंत्र पसंत पडलं तर औद्योगिक वसाहतीत शेड. नाही तर जन्मभर पंप.

साहेब आले, व्यापारी आले, नारळ फुटला. यंत्राने न अडखळता क्रेट भरला, लालबुंद, एकसारखा. साहेब मान डोलावू लागले. तेवढ्यात एका व्यापाऱ्याने सवयीने क्रेट उलटा केला. तळाचे सगळे टोमॅटो बारके आणि मऊ निघाले.

"आयला, ह्ये तर आपल्याच लोकांकडं शिकलंय की राव!" व्यापारी म्हणाला. सगळे हसले. साडू मात्र खरोखर गोंधळले होते.

"मऊ माल खाली कशापायी, ह्ये मला बी कोडं व्हतं," ते हळूच म्हणाले. "पन जाणती मानसं करत्यात म्हनल्यावर काय तरी शास्त्र आसंल."

साहेबांनी फाइल मिटली.

मंडळी पांगल्यावर साडू खांद्यावरच्या टॉवेलने यंत्राचा पट्टा पुसत बसले. मेव्हणीने चहा आणून ठेवला. "सहा वरसांत मला येकदा इचारायचं व्हतं," ती एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूने पट्टा पुसू लागली.

संध्याकाळपर्यंत चार शेतकरी येऊन गेले. चौघांनाही ते यंत्र हवं होतं, आहे तसंच.