कांद्याच्या बराखीतल्या नेमबाज बाई

सिंधूबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती बोरी बुद्रुकला आमच्या घरी, जत्रेच्या जेवणाला. माझे यजमान शाळेत त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांनी बाईंना आग्रहाने बोलावलं होतं. बाई नुकत्याच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पुरणपोळीचं ताट समोर आलं आणि बाईंची नजर दाराशेजारच्या खुंटीवर गेली. तिथे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, दुनळी बंदूक टांगलेली होती. रानडुकरांपासून पीक राखायला अण्णांच्या वडिलांनी ती परवाना काढून घेतली होती आणि पुढे ती रीतसर अण्णांच्या नावावर झाली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत आली की पुन्हा खुंटीवर जायची. त्या खुंटीखालीच माझा चार वर्षांचा मुलगा गाडी गाडी खेळत होता.

“अण्णा, ती रिकामी आहे ना?” बाईंनी विचारलं.

“रिकामीच हाय. बिबट्याच्या भ्यानं हाताशी ठेवलीया नुसती. तुमी जेवा, बाई.”

“एकदा उघडून दाखवता? त्याशिवाय मला घास उतरायचा नाही.”

पाहुण्यांनी भरलेल्या पडवीत असं कुणी बोलणं अण्णांना अपमानाचं वाटलं. रागारागाने ते उठले, परसात गेले, मागोमाग बाई आणि मीही. नळ्या जमिनीकडे करून त्यांनी बंदूक मधून मोडून उघडली. उजव्या नळीत काडतूस होतं.

अण्णा वाकून नळीत बघत राहिले. मग म्हणाले, “मीच भरलं व्हतं. चार दिसांमागं. इसरलो, बाई.”

बाईंनी आवाज चढवला नाही. काडतूस काढून अण्णांच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, “मीसुद्धा विसरते, अण्णा. म्हणून माझ्याकडे बंदूक एका कुलपात असते आणि काडतुसं दुसऱ्यात.” त्याच दुपारी आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा झाला. माझे लग्नातले शालू माळ्यावर गेले आणि बंदूक कुलपात. त्यानंतर बाई जेवल्या, आणि अण्णांनी स्वतः वाढलेली तिसरी पोळीही त्यांनी नाकारली नाही.

निघताना त्या मला म्हणाल्या, “एवढ्या पंगतीत तूप वाढलंस, पण एक थेंब सांडला नाही. हात स्थिर आहे तुझा. ओझरला ये एकदा.” मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, दूध डेअरीत हिशेबनीस होते, आणि जत्रेतल्या फुग्यांपलीकडे कशावर कधी नेम धरलेला नव्हता.

बाई मूळच्या शिनोलीच्या. महाविद्यालयात असताना छात्रसेनेत रायफल हाती आली आणि पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं या सगळ्यात त्यांनी ती आवड सोडली नाही. निवृत्तीनंतर ओझरजवळच्या आपल्या शेतातली कांदा साठवायची बराखी त्यांनी रिकामी केली, लाकडी पट्ट्यांच्या भिंती पत्र्याने बंद केल्या, एका टोकाला लक्ष्याचे कागद लावले आणि दहा मीटरच्या एअर रायफलसाठी चार जागा, म्हणजे लेन, आखल्या. कांद्याचा वास मात्र आजही गेलेला नाही. स्पर्धेला पुण्याच्या चकचकीत रेंजवर गेले की मला तो वास नसल्यामुळे चुकल्यासारखं होतं.

पहिला महिनाभर बाईंनी मला लक्ष्यावरचं काळं वर्तुळ दाखवलंच नाही. लक्ष्याचा कागद उलटा लावायचा आणि कोऱ्या बाजूवर छर्रे मारायचे. शेवटी मी वैतागले.

“बाई, मी नक्की कशावर नेम धरू?”

“कशावरच नाही. वर्तुळ दिसलं की तू त्याच्यामागे धावशील. आधी तुझी रायफल कुठे थांबते ते तरी बघ.”

महिन्याने कागद सुलटा झाला. माझे पहिले पाच छर्रे काळ्याच्या आत होते. मला आकाश ठेंगणं झालं. बाईंनी कागद पाहिला, “बरं आहे,” एवढंच म्हणाल्या, आणि रायफल रिकामी केल्याचं ओरडून सांगायला विसरल्याबद्दल मला त्या दिवसापुरतं घरी पाठवून दिलं.

घरी सासूबाईंना माझं हे जाणं पसंत नव्हतं. बाईंना ते समजलं. त्यांनी समजूत घालायला निरोप धाडला नाही. स्वतः आल्या, सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवून बराखीत घेऊन गेल्या आणि टेकू देऊन रायफल त्यांच्या खांद्याला लावली. सासूबाईंचा तिसरा छर्रा दहापैकी नऊ गुणांच्या रिंगणात गेला. त्यानंतर आठवडाभर आमच्या दारावरून जाणारं एकही माणूस ते ऐकल्याशिवाय पुढे गेलं नाही. आता रविवारी मला उशीर झाला तर त्याच म्हणतात, “आगं, बाई वाट बघत असतील, भाकऱ्यांचं मी बघते.”

पण बाई काय शिकवतात, हे गावाला खऱ्या अर्थाने कळलं ते तीन वर्षांपूर्वी. सकाळची वेळ होती. वस्तीवरची शेळी धरून बिबट्या दिवसाढवळ्या उसात शिरला होता. पाहता पाहता बांधावर पन्नासेक माणसं जमली. चार परवान्याच्या बंदुका आल्या. त्यात अण्णांचीही होती, कुलपातून काढलेली. सगळेच चिडलेले होते आणि घाबरलेलेही. मी आधी वनखात्याला फोन केला आणि मग बाईंना. बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे. स्कूटर बांधाला लावून त्या सरळ बंदुकवाल्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“समोर काय आहे?”

“ऊस हाय की, बाई.”

“आणि उसाच्या पलीकडे?”

चौघं टाचा उंचावून उसापलीकडे बघू लागले. मग मागून एक तरणा गडी म्हणाला, “तुमीच नेम शिकिवता, आन आमाला मारू नका म्हनता व्हय?”

“नेम शिकवते म्हणूनच म्हणते, भाऊ. जे दिसत नाही त्यावर बंदूक रोखायची नसते. बिबट्याला मारणं गुन्हा आहे ते वेगळंच. वनखात्याची माणसं निघाली आहेत. तोवर मुलंबाळं घरात घ्या आणि मागे सरा.”

कुजबुज वाढली. यांतलं एक जरी बोट चापावर दाबलं गेलं असतं तर पुढचं काही कुणाच्या हातात राहिलं नसतं. तेवढ्यात अण्णा पुढे झाले. सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी बंदूक मोडून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि म्हणाले, “माझी बंदूक चालली घरी. बाई म्हनत्यात ते मला एकदा पटलंय, दुसऱ्यांदा पटवून घ्यायचं न्हाई.” एकामागून एक बाकीच्या तिन्ही बंदुका रिकाम्या झाल्या.

पंधरा मिनिटंही झाली नसतील, पलीकडच्या बांधाने दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन वळून आल्या. आमच्या शेजारच्या हिराबाई आणि त्यांची सून. सकाळपासून दोघी उसाच्या पलीकडच्या कडेला गवत कापत होत्या आणि त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. “एवढी मानसं का जमल्यात? काय झालं?” हिराबाईंनी विचारलं. अण्णा तिथेच बांधावर खाली बसले. बाईंनी पुढे होऊन हिराबाईंच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला. त्या दिवसाबद्दल बाई पुढे कुठे एक अक्षर बोलल्या नाहीत. वनखात्याने पिंजरा लावला आणि तिसऱ्या दिवशी बिबट्या त्यात अडकला. चारही बंदुकवाले मात्र पुढच्या रविवारी न बोलावता बराखीत हजर झाले.

एवढ्या कडक बाई स्वतःच्या चुकीवर किती मनमोकळं हसतात, तेही सांगायला हवं. ज्येष्ठांच्या एका स्पर्धेत त्या कांस्यपदकाच्या अगदी जवळ होत्या. मी मागे प्रेक्षकांत बसले होते. शेवटून दुसरा छर्रा सुटला, आणि गुण दाखवणाऱ्या बाईंच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. शेजारच्या आजींच्या पडद्यावर मात्र दहा गुण उमटले. त्या आजींनी अजून चापाला हातही लावला नव्हता. त्या आनंदाने म्हणाल्या, “अगंबाई, आपोआप दहा आले!” पंच गोंधळले, यंत्रात बिघाड असेल असं म्हणू लागले. बाईंनी रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि हात वर केला. “यंत्र ठीक आहे. तो छर्रा माझा. मी यांच्या लक्ष्यावर मारला.” नियमाप्रमाणे त्यांना शून्य मिळालं आणि पदक गेलं. परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं आणि बाई हसून हसून लाल झाल्या होत्या. “पण दहा होते की नाही? अगदी मधोमध! लेन चुकली, नेम नाही चुकला!” मंचरला थांबून त्यांनी मला मिसळ खाऊ घातली, आणि ती गोष्ट मिसळवाल्यालाही सांगितली.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या, म्हणजे नेमाच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रायफल धरता येईल की नाही, ही धाकधूक आम्हा सगळ्यांना होती. बाईंनाही असावी, कारण त्या दिवसांत त्या बराखीत यायच्या, पण रायफलीला हात लावायच्या नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी आम्ही सगळे न ठरवता जमलो. बाई उभ्या राहिल्या, श्वास सोडला, दहा छर्रे मारले. रायफल खाली ठेवून वळल्या तेव्हा चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

“अरे, त्या वर्तुळात एवढी रिंगणं आहेत? इतकी वर्षं मी अंदाजानंच मारत होते की!”

आता त्यांना सगळी रिंगणं स्पष्ट दिसतात, आणि त्याचा परिणाम आम्ही दर रविवारी भोगतो आहोत. पंचाहत्तरीत त्यांनी आम्हा पन्नाशीतल्यांना सलग सहा वेळा हरवलं आहे. बाई, तुमचे गुडघे, खांदे आणि दोन्ही डोळे असेच शाबूत राहोत, ओझरचा विघ्नहर तुम्हाला उदंड आयुष्य देवो. तुमच्या शंभराव्या वाढदिवशीही आम्ही तुमच्या शेजारच्या लेनमध्ये उभे असू, आणि तुमचा एखादा दहा चुकून आमच्या लक्ष्यावर आला, तर आम्ही मुळीच परत करणार नाही.