पाण्याला आलेला ताप

व्यासरावांची लेक भवानी आठ वर्षांची, डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. मैलापूरच्या दवाखान्यात ती दाखल झाली त्याच दिवशी व्यासरावांनी तिची खाट कोपऱ्यातल्या भिंतीला लावून घेतली. शेजारच्या पोराला रोज उकडलेलं अंडं येई, आणि तंजावरहून बरोबर आणलेलं सोवळं तीन पिढ्या मद्रासेत काढूनही सुटलं नव्हतं. राजसबाई नर्सनी निमूट खाट ओढली. असले हट्ट पुरवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती.

मोठे डॉक्टर ऑपरेशनला फक्त मंगळवारी दहाला येत. दोन मंगळवार नेमका त्याच वेळी भवानीला एकशे तीन ताप! दोन्ही वेळा ऑपरेशन पुढं ढकललं. वॉर्डाच्या डॉक्टरांनी परदेशातून काट्याचा थर्मामीटर आणवला होता. काखेत तार धरायची, तबकडीवर काटा वाचायचा. त्याचं त्यांना कोण कौतुक! "पोरीचं अंग गार आहे," राजसबाई म्हणाल्या, तर त्यांना उडवून लावलं. खरं सांगायचं तर व्यासरावांनाही वाटलं, नर्सला काय कळतंय.

आज शेवटचा मंगळवार. मोठे डॉक्टर गुरुवारी दोन वर्षांसाठी विलायतेला निघणार होते.

दहाला पाच कमी असताना राजसबाईंनी कोमट पाण्याचा पेला खाटेवर ठेवला आणि तार त्यात सोडली. काटा अठ्ठ्याण्णववर. दहा वाजले. भिंतीपलीकडं, दुखऱ्या गुडघ्यांना रेडिओलहरींनी शेक देणारं मशीन नेहमीप्रमाणे सुरू झालं, आणि काटा सरसर एकशे तीनवर चढला.

"डॉक्टर, पाण्याला ताप आलाय," त्या म्हणाल्या. "ह्याचंही ऑपरेशन पुढं ढकलता?"

राजसबाईंनी मशीन बंद करवलं. काटा खाली आला. लहरी तारेत शिरून काट्याला नाचवत होत्या. डॉक्टर लालबुंद झाले. "इथं खाट लावली कुणी?"

व्यासराव लेकीचं पांघरूण सारखं करू लागले.

"मी. इथं वारा बरा येतो," राजसबाई म्हणाल्या.

सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी बोलणी खाल्ली. व्यासराव भ्याले, खाटेमागं सरकले. भवानीला ऑपरेशनला आत नेलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी व्यासरावांनी आधी डॉक्टरांना खरं सांगितलं, मग राजसबाईंना गाठलं. "बाई, माझी बोलणी तुम्ही का खाल्लीत?"

"रायर," राजसबाई इथल्या रीतीनं 'राव'चं 'रायर' करत म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही नि डॉक्टर भांडत बसला असता. मोठे डॉक्टर थांबले असते का?"

व्यासरावांना हुंदका आवरेना. उभ्या जन्मात असे उपकार कुणी केले नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत वाकून राजसबाईंच्या पायांना हात लावला. मग लेकीला पुढं केलं. भवानी आली, दोन्ही पावलं सपाट टेकवत.