भरदुपारी दिवा

छबूबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. तिला कुनी वाकडं बोललं तर मी आजबी त्याची खबर घेते. पन झालं ते झालं, झाकून काय करू?

आमचं गाव तिसगावच्या अलीकडं. गावात छगनशेठचं सरकारमान्य देशी दारूचं दुकान हुतं. तिथून येऊन एकदा तिच्या नवऱ्यानं, सहादेव भाऊजींनी, बाईचा हात असा पिरगाळला, की बांगडीची काच मनगटात घुसली. तवापासून ती पेटली. सहा महिने दारोदार फिरली आनि बायांचं मतदान लावलंच. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हंजी दुकान चालू, आडवी म्हंजी बंद. आमी आडवीवर असे शिक्के हानले, की छगनशेठला कुलूप लागलं!

बाई तेवढ्यावर थांबती तर! वेशीत तिनं ओटा बांधला आनि रिकामी बाटली आडवी करून सिमिटात बसवली. तिच्याम्होरं समद्या बाप्यांना नाथाचा अंगारा लावून शपथ घातली. दारू प्यायची न्हाई, तिचं नावबी काढायचं न्हाई. जो पिईल त्याच्या घरचं पानी कुनी प्यायचं न्हाई. मीबी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मग गाव गप झालं. लई गप. आधी बाप्ये प्यायले की शिव्या देत, गानी म्हनत यायचे. आता दिवस कलला की एकेकजन वढ्याकडं जायचा. कुनी कुनाला हाक मारत नव्हतं. माघारी यायचे ते बडीशेप चघळत, खाली मान घालून. वळखीची कुत्रीबी त्यांच्यावर गुरगुरायची. पन इचारनार कोन?

वैशाखात आमच्या शेजारचा गोरक्ष भरदुपारी उंबऱ्यावर बसून बायकोला म्हनला, "अगं, दिवा लाव. किती अंधारलंय!" ऊन डोक्यावर. ती हसली. सांजच्याला गोरक्ष गेला. वढ्यावरचं भूत लागलं म्हनाले लोक. त्याच्या सख्ख्या भावाला खरं ठावं हुतं, पन मेल्यानं तोंड उघडलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी बाई भाकरी थापत हुती, मी चुलीपाशी. भाऊजी भिंत चाचपत आत आले.

"छबू, समदं धुरकट दिसतंय. दिवा लाव की."

तव्यावरची भाकर करपली. बाईनं माझ्याकडं बघितलं. भाऊजींच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत हुता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "काय प्यायले होते?"

"ऊन लागलं साहेब," बाई म्हनली.

त्यांनी परत इचारलं. मी तिला चिमटा काढला.

"आमच्या गावात दारूबंदी हाय साहेब. मीच केली."

सलाईन लागलं. दोन तास गेले. तिसऱ्यांदा इचारलं, तरी ही ऊनच सांगते! भाऊजींचे हात हवेत तिला धुंडाळत हुते. "लावला का गं दिवा?" मग मला ऱ्हाववलं न्हाई. मी वरडले, "वढ्यावरची प्यालेत! हातभट्टीची!"

डॉक्टर ताडकन उठले. "आधी का नाही सांगितलं? यावरचं इंजेक्शन इथं नाही. दुकानातली सीलबंद दारू आणा, पळा! हातभट्टीतल्या मिथेनॉलच्या विषावर तीच उतारा आहे."

माझी जाऊ, जिनं दारूचं नाव तोंडात घेतलं नव्हतं, ती अनवानी पळत दारूच्या दुकानात गेली. बाटली पदराखाली धरून आली. डॉक्टर नळीतून मापानं सोडत हुते आनि ती बाटलीला दोन्ही हातांनी धरून उभी हुती.

भाऊजी वाचले. डोळे गेले.

परवा ग्रामसभेत राडा झाला. अर्धे म्हनाले, दुकान उघडा, निदान माल तरी खरा मिळंल. अर्ध्या बाया म्हनाल्या, वढ्यावर पोलीस बसवा, बंदी उठली तर आमी जीव देऊ. शेवटी समद्यांनी बाईकडं बघितलं.

ती म्हनली, "दुकानाचं तुमचं तुमी ठरवा. मला डॉक्टरनं तीनदा इचारलं हुतं. तीनदा."

तेवढ्यात पलीकडच्या घरातनं भाऊजींची हाक आली. "छबू, दिवा लाव गं."

टळटळीत ऊन पडलं हुतं. ती उठली आनि दिवा लावायला गेली.