किहीमच्या तळीवरच्या चार टाचण्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्येमध्ये थांबावं लागणार नाही. चहा घ्या, सांगतो. इतकी शोभा माझी माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती!

मी अलिबागच्या कोर्टात वकील. वाटण्यांचे दावे लढवतो. वाडीवरून भाऊभाऊ भांडले की माझ्याकडे येतात. आणि रविवारी मी टाचण्या बघतो. टाचणी म्हणजे चतुर नावाच्या किड्याची सडपातळ बहीण हो! बसली की पंख मिटून बसते ती. चतुर आणि टाचणीतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी शक्यतो बोलतच नाही.

आमचा एक गट आहे. काय एकेक नमुने! निम्मे मुंबईचे. मांडव्याला रो-रो बोटीतून उतरतात ते डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, अंगात छप्पन्न खिशांचं जाकीट. आणि बघायचं काय, तर बोटाच्या पेराएवढी टाचणी! त्यातच किहीमला बंगला बांधलेले शहाभाई. पायात गुलाबी प्लास्टिकच्या चपला. हा माणूस टाचणी दिसली की नाव सांगायच्या आधी नुसता बघत बसतो! याला काय अभ्यास म्हणायचा? मंदपणा नुसता.

तर झालं काय, आमचे जुने गटप्रमुख मुलाकडे पुण्याला राहायला गेले. नवा प्रमुख किहीमच्या एका वाडीतल्या तळीवर निवडायचा ठरला. शहाभाई की मी? खोटं कशाला बोलू, मला ते पद हवं होतं. हवं म्हणजे हवंच होतं! बायकोलाही गटात घातलं. तेवढंच एक मत वाढलं.

तळीवर पोचतो न पोचतो तोच मी सुरू झालो.

"ही बघा लालबुंद. एक जात! ही साधी हिरवी. दुसरी! हाही हिरवा, पण शेपटीला नारिंगी टोक. तिसरी! आणि तो पांढरी पूड फासल्यासारखा? चौथी!"

"वकीलसायेब, शेवाळ हाय, जपून!" वाडीच्या मालकीणबाई ओरडल्या. मी कसला जपतोय?

शहाभाई उकिडवे बसून बघतच होते. म्हणाले, "वकीलसाहेब, मला तर हा सगळा एकच वाटते."

"एकच?" मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. "अहो, डोळे तपासून घ्या! लाल आणि हिरवं एक? उद्या म्हणाल, बांगडा आणि सुरमई एकच! पुरावा आहे काही?"

"थोडा थांबा ना."

थांबणार कोण? मी सगळ्यांसमोर त्यांची उलटतपासणीच घेतली. शेवटी बोट रोखून गरजलो, "या हिरवीचा आणि त्या नारिंगी शेपटीवाल्याचा काडीचाही संबंध नाही. लिहून देतो!"

आणि नेमकं तेव्हाच नारिंगी शेपटीवाल्यानं शेपटीच्या टोकानं हिरवीची मान धरली. दोघं गवताच्या पात्यावर अशी जुळून बसली की पत्त्यांतला बदाम!

सगळ्यांचे कॅमेरे खटाखट वाजायला लागले.

"संकर असेल," मी पुटपुटलो.

"अरे ना," शहाभाई म्हणाले, "नवरा-बायको आहे. ती लाल आहे ना, ती तरुण पोरगी. मोठी झाली की हिरवी होते. आणि पांढरा पावडरवाला, तो आजोबा."

म्हणजे? चार जाती म्हणून मी ज्या छातीठोकपणे दाखवल्या, ते एकच कुटुंब होतं!

लगेच मतदान झालं. शहाभाईंसाठी झाडून सगळे हात वर. त्यात एक हात हिरव्या बांगड्यांचा. ओळखीचा. बायकोचा!

"अगं, नवरा कोण तुझा?" मी तडकलो.

"तुम्हीच हो. पण मी तरी काय करू? चांगलं नांदतं घर होतं, आणि तुम्ही उभ्या उभ्या त्याच्या चार वाटण्या करून टाकल्यात!"